हॉस्टेलवर राहतो, दोन महिने नीट झोप नाही, जेवण कमी झालंय, लेक्चरला जावंसं वाटत नाही. कॉलेजच्या समुपदेशकाकडे जाऊ की ऑनलाइन मदत घेऊ? घरी कळेल का?

सगळ्यात आधी : मनात जीव द्यायचे विचार येत असतील तर ऑनलाइन की प्रत्यक्ष, याचा खल करत बसू नका. रूममेटला सोबत घेऊन जवळच्या मोठ्या रुग्णालयाच्या कॅज्युअल्टीत जा, नाहीतर ११२ लावा. पोलीस केस होईल या भीतीने मुलं गप्प बसतात. पण मानसिक आरोग्य कायदा २०१७ च्या कलम ११५ प्रमाणे आत्महत्येचा प्रयत्न केलेली व्यक्ती प्रचंड ताणाखाली होती असंच धरलं जातं आणि तिला शिक्षा होत नाही.

तसं काही नसेल, तर मी क्रम असा ठेवेन : आज फोन, या आठवड्यात प्रत्यक्ष डॉक्टर, पुढचं समुपदेशन सोयीप्रमाणे ऑनलाइन.

फोनसाठी १४४१६, म्हणजे केंद्र सरकारची टेलिमानस सेवा. २०२२ च्या ऑक्टोबरपासून सुरू आहे, मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. सुरुवातीला भाषा निवडा, मग समुपदेशक फोन घेतात, गरज वाटली तर पुढे मनोविकारतज्ज्ञांशी जोडून देतात. तिची मर्यादा अशी की दर वेळी तीच व्यक्ती भेटेल असं नाही, त्यामुळे सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागू शकतं. रात्री दोन वाजता कुणाशी तरी बोलायला ही सेवा उत्तम, पण सहा महिने तिच्यावरच काढायचे म्हटलं तर अपुरी पडते.

डॉक्टरांना प्रत्यक्ष का भेटायचं? तुम्ही लिहिलंय की झोप नाही, जेवण कमी झालंय, लेक्चरला जावंसं वाटत नाही. अशी लक्षणं दोन आठवडे टिकली तरी तपासून घ्यावं, तुमचे दोन महिने झालेत. शिवाय थायरॉइड बिघडलं, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असलं, तरी माणूस असाच गळून जातो. ते रक्त तपासल्याशिवाय कळत नाही, व्हिडिओ कॉलवर तर नाहीच. पुण्यात असाल तर ससूनला मनोविकार विभागाची ओपीडी आहे, येरवड्याला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. ठाणे, नागपूर आणि रत्नागिरीतही सरकारी मनोरुग्णालयं आहेत, इतर जिल्ह्यांत सिव्हिल हॉस्पिटलमध्ये चौकशी करा. ‘येरवड्याला गेला’ हा टोमणा ऐकून बिचकू नका, तिथल्या ओपीडीतून माणसं औषध घेऊन घरी जातात.

सरकारी ओपीडीत गर्दी असते, डॉक्टरांना थोडाच वेळ मिळतो. म्हणून केसपेपर काढायच्या आधी एका कागदावर लिहून न्या : कधीपासून त्रास आहे, किती वाजता आडवे होता आणि किती वाजता जाग येते, वजन किती उतरलं, दारू-सिगारेट-गांजा काही आहे का (खरं लिहा, औषध त्यावर ठरतं), सध्या कुठल्या गोळ्या चालू आहेत, घरात कुणाला असा त्रास होता का. हा कागद नसला की ‘टेन्शन आहे’ एवढंच तोंडातून निघतं आणि झोपेची गोळी घेऊन परत यायची वेळ येते.

ऑनलाइन घेताना माणूस कोण आहे ते पाहा. औषध फक्त डॉक्टर लिहू शकतात, त्यांचा मेडिकल कौन्सिलचा नोंदणी क्रमांक प्रिस्क्रिप्शनवर असायलाच हवा. क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंद भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते, तो क्रमांक विचारायला लाजू नका. ‘माइंडसेट कोच’ वगैरे पाट्यांपासून चार हात लांब राहा. एडीएचडीवरचं (लक्ष टिकत नाही त्या विकारावरचं) मिथाइलफेनिडेट हे औषध ऑनलाइन सल्ल्यावर लिहून देताच येत नाही. कुणी देतो म्हणाला, तर तिथेच थांबा.

हॉस्टेलमध्ये ऑनलाइन सत्र फसतं ते बहुतेक जागेमुळे. रूममेट शेजारी असला की माणूस हो-नाहीवर येतो. सत्र ४५-५० मिनिटांचं असतं, रूममेटचं प्रॅक्टिकल असेल ती वेळ धरा किंवा लायब्ररीची डिस्कशन रूम मागा. इअरफोन लावा. नेट अडखळलं तर आधी व्हिडिओ बंद करा, आवाज चालू राहू द्या.

कॉलेजच्या समुपदेशकाचा खरा उपयोग हजेरी, सबमिशन, एटीकेटी या भानगडींत होतो, कारण त्यासाठी विभागप्रमुखांशी बोलायचं असतं आणि ते समुपदेशक करू शकतात. पण काही कॉलेजांत एखाद्या प्राध्यापकालाच हे जादा काम दिलेलं असतं. तुमचे इंटर्नलचे मार्क ज्यांच्या हातात आहेत त्यांच्याजवळ मन मोकळं होत नाही, आणि होऊही नये. पहिल्याच भेटीत विचारा : तुम्ही शिकवता का, नोंदी कुठे राहतात, कोण वाचतं? उत्तर गुळमुळीत आलं तर तिथे फक्त हजेरीचं बोला.

घरी कळण्याबद्दल : तुम्ही १८ पूर्ण असाल तर त्याच मानसिक आरोग्य कायद्याच्या कलम २३ प्रमाणे तुमची माहिती गोपनीय असते. अपवाद मोजके आहेत, त्यातला मुख्य म्हणजे कुणाच्या जिवाला धोका. वय कमी असेल तर पालकांना सामील करावं लागतं. व्यवहारात मात्र बातमी फुटते ती बँकेच्या एसएमएसमधून. खात्याला वडिलांचा नंबर जोडलेला असेल तर त्या खात्यातून फी भरू नका.

औषध सुरू झालं तर नैराश्यावरच्या गोळ्यांचा फरक दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात येते. नेमकी तिथेच मुलं गोळी सोडतात. सोडायची असेल तर डॉक्टरांना विचारून, हळूहळू. पंचविशीच्या आतल्यांमध्ये सुरुवातीच्या आठवड्यांत कधीकधी बेचैनी किंवा जीव द्यायचे विचार वाढतात. तसं झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता त्याच दिवशी कळवा.

सेमिस्टर संपून गावी जाणार असाल तर निघायच्या आठवडाभर आधी डॉक्टरांना भेटून सुट्टीभर पुरतील एवढ्या गोळ्या लिहून घ्या. समुपदेशन त्याच व्यक्तीकडे फोनवर चालू ठेवा आणि सत्राची वेळ आत्ताच ठरवून घ्या.