अमाल्फीला जावे ते समुद्रमार्गे

प्रश्न : सप्टेंबरअखेर आम्ही दोघे माझ्या सत्तरीच्या सासूबाईंना घेऊन रोमहून दक्षिण इटलीच्या किनाऱ्यावरील अमाल्फीला जाणार आहोत. दोन दिवस हाताशी आहेत. मोटार भाड्याने घ्यावी का? कॅथीड्रलखेरीज तेथे काय पाहावे?
— एक वाचक, नाशिक

उत्तर : मोटार घेऊ नये. एकोणिसाव्या शतकात कडे कोरून काढलेला तेथील रस्ता अतिशय अरुंद आणि वळणावळणांचा असून गर्दीच्या काळात त्यावर वाहनक्रमांकानुसार सम-विषम बंधने असतात. शिवाय गाडी उभी करायला जागा मिळणे हा वेगळाच ताप. रोमहून रेल्वेने सालेर्नोला उतरावे, मुक्काम तेथेच करावा आणि सकाळच्या बोटीने सुमारे पाऊण तासात अमाल्फीला पोहोचावे. कड्यांवरची लिंबांची पायऱ्यापायऱ्यांची शेती बोटीतून जशी दिसते, तशी बसच्या खिडकीतून दिसत नाही.

आज चिमुकले वाटणारे हे गाव एके काळी कॉन्स्टँटिनोपल (आजचे इस्तंबूल) आणि इजिप्तशी व्यापार करणारे सागरी प्रजासत्ताक होते. पुढे उत्तर फ्रान्समधून आलेल्या नॉर्मनांची सत्ता आली, ११३५ आणि ११३७ साली पिसाच्या आरमाराने लूट केली आणि १३४३ च्या भीषण वादळात किनाऱ्यालगतची वस्ती समुद्राने गिळली, त्यामुळे गतवैभवाच्या खुणा शोधूनच पाहाव्या लागतात. अशी एक खूण म्हणजे कॅथीड्रलचे कॉन्स्टँटिनोपलमध्ये ओतलेले अकराव्या शतकातील कांस्यद्वार. तेथवर बासष्ट पायऱ्या आहेत. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत असतील तर त्यांना खाली चौकात कॉफी घेत बसू द्यावे, कारण दर्शनी भाग तेथूनही उत्तम दिसतो. वर जाणाऱ्यांनी मात्र तेराव्या शतकातील, एकमेकांत गुंतलेल्या कमानींचे ‘पॅराडाइज’ हे मठप्रांगण चुकवू नये.

बहुतेक प्रवासी येथूनच परत फिरतात, हे मला अनाकलनीय वाटते. मुख्य रस्त्याने दरीकडे वर चालत गेल्यास जुन्या कागद-गिरणीतील संग्रहालय लागते. ओढ्याच्या पाण्यावर चालणाऱ्या लाकडी हातोड्यांनी सुती चिंध्या कुटून, त्या लगद्याचा कागद हाताने कसा काढला जाई, हे तेथे दाखवतात. अरबांशी आलेल्या संबंधांतून ही विद्या अमाल्फीत रुजली असे मानले जाते. दक्षिण इटलीवर राज्य करणाऱ्या सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने १२३१ साली सरकारी दस्तांसाठी कागदाला मनाई केली होती, तरीही हा धंदा शतकानुशतके टिकला.

दुसऱ्या दिवशी शेजारचे, पायी दहा-पंधरा मिनिटांवरचे आत्रानी पाहून डोंगरावरच्या रावेल्लोला बसने जावे. समुद्र खवळला तर बोटी रद्द होतात. म्हणून परतीच्या बसचे वेळापत्रक आधीच पाहून ठेवावे आणि तिकीटही बसमध्ये चढण्यापूर्वीच घ्यावे.