उन्हाळ्यात सुपरकॅपॅसिटर का मंदावतो?

प्रश्न : यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या कॉलेजात मनगटी सेन्सरसाठी नायट्रोजन-डोप्ड ग्राफीनचा (नायट्रोजनचे अणू मिसळलेल्या कार्बनच्या पातळ थराचा) लवचीक सुपरकॅपॅसिटर, म्हणजे झटपट चार्ज होणारा वीजसाठा, केला. दोन इलेक्ट्रोडच्या मध्ये आम्लाची पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) जेल वापरली. जानेवारीत छान चालला. मेमध्ये वाकवला की व्होल्टेज कोसळतं. डोपिंग, म्हणजे मिसळलेला नायट्रोजन, उतरलं का?

उत्तर : नाही. नायट्रोजनचे अणू कार्बनच्या जाळीत पक्के बसलेले असतात, ४५ अंशांच्या उन्हाने ते निघत नाहीत. सुकली आहे ती जेल. सुपरकॅपॅसिटरची पट्टी काट्यावर तोला. पूर्वीपेक्षा हलकी भरली तर पाणी उडालं. हातमोजे घालून चिमट्याने कड उचला : ओली जेल मऊ, चिकट असते; सुकलेली कडक होऊन इलेक्ट्रोडपासून सुटते. मग आयनांना (जेलमधल्या विद्युतभारित कणांना) वाटच राहत नाही, आतला रोध वाढतो.

नवी जेल अशी करा : २० मिली डिस्टिल्ड पाण्यात २ ग्रॅम पीव्हीए आणि ४ ग्रॅम लिथियम क्लोराइड, ८५ अंशांवर दाणा विरेपर्यंत ढवळा. उकळू देऊ नका, बुडबुडे अडकतात. लिथियम क्लोराइड हे मीठ ओल धरून ठेवतं आणि त्वचेजवळ आम्लापेक्षा बरं. इलेक्ट्रोडमधून वीज बाहेर नेायला ॲल्युमिनियम फॉइल मात्र टाळा, क्लोराइडने तिला भोकं पडतात. ग्राफाइट फॉइल घ्या. चारही कडा सील करा. गळती बहुधा तार बाहेर येते तिथेच होते. चार्जिंग ०.८ व्होल्टपर्यंतच.