जुन्या फियाटला एसी बसवताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : माझ्याकडे वडिलांनी घेतलेली १९७० सालची फियाट ११०० डी आहे. इंजिन मूळचेच असून चार्जिंगलाही अजून डायनामोच आहे. उन्हाळ्यात आईला घेऊन पुण्याला जाता यावे म्हणून गाडीला एसी बसवण्याचा विचार आहे. मारुती ८०० चे एसीचे जुने सामान मिळत आहे. ते या गाडीला जुळेल का आणि इंजिनाला भार झेपेल का?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : भार झेपेल. मारुती ८०० चे इंजिन ७९६ सीसीचे आणि सुमारे ३७ अश्वशक्तीचे असून ते एसी ओढत आले आहे. आपल्या फियाटचे इंजिन १०८९ सीसीचे आणि सुमारे ४० अश्वशक्तीचे आहे. फियाट वजनाने बरीच जड असल्याने चढावर आणि ओव्हरटेक करताना फरक जाणवेल, तेवढ्यापुरता एसी बंद ठेवावा. खरी अडचण ताकदीची नसून विजेची आणि उष्णतेची आहे, आणि बहुतेक जण नेमके तिकडेच दुर्लक्ष करतात.

आधी विजेचे पाहू. ब्लोअर (थंड हवा आत फेकणारा पंखा) ८ ते १० अँपिअर, कंडेन्सरचा (गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीचा) पंखा जवळपास तेवढेच आणि कंप्रेसरचा (गॅस दाबणाऱ्या पंपाचा) क्लच ३ ते ४ अँपिअर घेतो. रात्री त्यात हेडलाइटची भर पडली की मागणी ३० अँपिअरच्या वर जाते. त्या काळातले डायनामो साधारण २० ते २५ अँपिअरचे असत आणि गाडी सिग्नलला उभी असताना ते जवळजवळ काहीच देत नाहीत. म्हणून एसीच्या आधी ५५ अँपिअरच्या आसपासचा अल्टरनेटर बसवावा. जुना कटआउट (डायनामो आणि बॅटरी यांना जोडणारा-तोडणारा आपोआप चालणारा स्विच) वायरिंगमधून वगळावा, आणि ब्लोअर, पंखा व क्लच या तिघांनाही स्वतंत्र रिले आणि फ्यूज द्यावेत. काढलेला डायनामो आणि कटआउट मात्र तेलकट कागदात गुंडाळून जपून ठेवावेत. सामान गाडीला जुळवून घ्यायचे, गाडी सामानासाठी कापायची नाही, हे धोरण पहिल्या दिवसापासून ठेवले तर पुढे कधीही गाडी पूर्ववत करता येते.

आता ब्रॅकेटकडे वळू, कारण अशी कामे सर्वांत जास्त येथेच फसतात. कंप्रेसरचे ब्रॅकेट इंजिनालाच बांधलेले असले पाहिजे. एक टोक इंजिनाला आणि दुसरे बॉडीला बांधले, तर रबरी माउंटिंगवर इंजिन हलेल तेव्हा पट्टा क्षणात सैल आणि क्षणात ताठ होईल. मग पट्टा तरी तुटेल नाहीतर ब्रॅकेट तरी. इंजिनावरच्या मूळ बोल्टांच्या जागा वापराव्यात, नवी भोके पाडू नयेत. आधी पुठ्ठ्याचा आणि मग प्लायवूडचा नमुना करून तो जागेवर बसवून पाहावा, बॉनेट बंद करून कुठे घासत नाही ना हे तपासावे आणि त्यानंतरच ८ ते १० मिलिमीटर जाडीची लोखंडी प्लेट कापावी. कोपऱ्यांना त्रिकोणी आधारपट्ट्या वेल्ड केल्याखेरीज ब्रॅकेट पुरे झाले असे समजू नये, कारण कंपनाने तडा नेमका तिथूनच जातो.

क्रँकच्या पुलीला एसीसाठी आणखी एक खाच लागेल. शिवाजी उद्यमनगरात ऑइल इंजिनांच्या पुल्या वर्षानुवर्षे तयार होत आल्या आहेत, त्यामुळे दुहेरी खाचेची पुली लेथवर करून देणारा कारागीर कोल्हापूरकराला शोधावा लागत नाही. पुली बॅलन्स करून घ्या. बसवल्यावर एक सरळ पोलादी पट्टी क्रँकच्या आणि कंप्रेसरच्या पुलीच्या तोंडावर एकदम टेकवून दोन्ही खाचा एका रेषेत आहेत का ते पाहा. दोन मिलिमीटरचा फरक डोळ्याला दिसत नाही, पण पट्ट्याच्या एका बाजूला काळी भुकटी साचू लागली की तो कळतो.

जुन्या सामानापैकी कंप्रेसर आणि ब्रॅकेटचे सुटे भाग तपासून घेता येतील. कंडेन्सर, ड्रायर (गॅसमधला ओलावा शोषणारी डबी), रबरी सील आणि पाइप मात्र नवे घ्यावेत. ड्रायरमधला ओलावा शोषणारा पदार्थ हवेत उघडा राहिला की निकामी होतो. म्हणून तो सर्वांत शेवटी जोडावा. कंडेन्सर पॅरलल-फ्लो प्रकारचा (ज्यात गॅस अनेक समांतर नळ्यांतून एकदम वाहतो) आणि रेडिएटरसमोर मावेल तेवढा मोठा असावा. त्याच वेळी रेडिएटर उघडून साफ करून घ्यावा आणि पंख्याभोवती आवरण बसवावे, म्हणजे हवा बाजूने न निसटता जाळीतूनच ओढली जाईल. कूलिंग कॉइलची पेटी डॅशबोर्डखाली टांगावी आणि तिचे पाणी बाहेर नेणारी नळी गाडीच्या तळपत्र्यातल्या एखाद्या मूळ भोकातूनच काढावी.

प्रश्न : माझ्या अॅम्बेसेडरला पूर्वीच्या मालकाने फार वर्षांपूर्वी एसी बसवून घेतला होता. आता तो थंड करत नाही. नवा गॅस भरला की काम होईल, असे मिस्त्री म्हणतात. ते बरोबर आहे का?
— एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : एवढ्यावर भागणार नाही. इतक्या जुन्या एसीत बहुधा आर-१२ गॅस आणि खनिज तेल असते. ओझोनच्या थराला घातक असल्यामुळे १९८७ च्या मॉन्ट्रियल करारानुसार आर-१२ चे उत्पादन भारतासह विकसनशील देशांतही २०१० पर्यंत बंद झाले. आज भरला जाणारा आर-१३४ए खनिज तेलात मिसळत नाही. त्यामुळे तेल कंप्रेसरकडे परत येत नाही आणि कंप्रेसर कोरडा पडून जाम होतो. जुने तेल पूर्ण काढावे, पाइप आणि कॉइल धुवून घ्यावेत आणि कंप्रेसरला चालणारे पीएजी किंवा एस्टर (दोन्ही कृत्रिम तेले) तेल घालावे. जुन्या साध्या रबरी पाइपांतून हा गॅस हळूहळू झिरपतो, म्हणून आतून नायलॉनचा थर असलेले पाइप लागतात.

गॅस भरण्यापूर्वी नायट्रोजनच्या दाबावर गळती तपासा, नंतर पंपाने आतली हवा काढून किमान अर्धा तास व्हॅक्यूम करा आणि पंप बंद केल्यावर दाबमापकाचा काटा जागचा हलत नाही याची खात्री करा. आत राहिलेला ओलावा एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या (कूलिंग कॉइलमध्ये गॅस सोडणाऱ्या झडपेच्या) बारीक छिद्रात गोठतो आणि मग एसी कधी थंड, कधी गरम असा चालतो. गॅस वजन करून भरणारा कारागीर निवडावा.

प्रश्न : एसी बसवल्यास माझ्या १९६८ सालच्या गाडीची व्हिंटेज म्हणून नोंदणी होऊ शकेल का?
— एक वाचक, गडहिंग्लज

उत्तर : २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात जपलेली आणि चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी व्हिंटेज ठरते. फायरवॉल (इंजिन आणि बैठक यांमधली पत्र्याची भिंत) कापली, पत्र्याला नवी भोके पाडली, तर आपण हरकतीला स्वतःच जागा करून देतो. बोल्टने बसणारा आणि काढता येणारा एसी त्या मानाने निर्धोक. दसऱ्याच्या शाही सोहळ्यातली जुनी मेबॅक मोटार पाहत मोठ्या झालेल्या कोल्हापूरकरांना मूळपणाचे मोल वेगळे सांगायला नको.

मात्र नोंदणीसाठी २०,००० रुपये भरण्यापूर्वी एक गोष्ट पाहावी. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा ठरावीक कारणांसाठीच रस्त्यावर आणता येते. रोजच्या वापराला परवानगी नाही. आईला पुण्याला न्यायचे असेल, तर राजारामपुरीच्या वाचकांनी नेहमीची नोंदणीच फिटनेस तपासणीसह चालू ठेवावी. एसीची माहिती विमा कंपनीलाही लेखी कळवावी.

प्रश्न : थंडीत एसी लागत नाही. तो तीन-चार महिने बंद ठेवला तर चालेल का?
— एक वाचक, पन्हाळा

उत्तर : पूर्ण बंद ठेवू नये. कंप्रेसरच्या शाफ्टचे सील तेलाने ओले राहिले तरच गॅस धरून ठेवते, आणि ते तेल गॅसबरोबर फिरत असते. आठवड्यातून एकदा इंजिन गरम झाल्यावर दहा मिनिटे एसी चालवावा.