‘ऑल्दो’ आणि ‘डिस्पाइट’

प्रश्न : इंग्रजीतील ‘ऑल्दो’ आणि ‘डिस्पाइट’ या दोन्ही शब्दांचा अर्थ ‘असूनही’ असाच सांगितला जातो. मग ‘डिस्पाइट ही वॉज इल, ही केम’ हे वाक्य चुकीचे का ठरते? शिवाय ‘डिस्पाइट ऑफ’ लिहावे की नुसते ‘डिस्पाइट’?

उत्तर : आपल्या वाक्यातील अर्थ बरोबर आहे; चुकली आहे ती शब्दाची जात. ‘ऑल्दो’ हे उभयान्वयी अव्यय असून त्याच्यामागून कर्ता आणि क्रियापद असलेले पूर्ण उपवाक्य यावे लागते. ‘डिस्पाइट’ मात्र आपल्या शब्दयोगी अव्ययासारखे काम करते, फक्त ते नामाच्या आधी येते, आणि त्याला नाम, सर्वनाम किंवा ‘इंग’ने संपणारे क्रियापदाचे रूप एवढेच चालते. म्हणून ‘ऑल्दो ही वॉज इल, ही केम’, ‘डिस्पाइट हिज इलनेस, ही केम’ आणि ‘डिस्पाइट बीइंग इल, ही केम’ ही तिन्ही वाक्ये शुद्ध आहेत. आपल्याला उपवाक्य ठेवायचेच असेल, तर ‘डिस्पाइट द फॅक्ट दॅट ही वॉज इल’ असे लिहिता येते. पण एवढा पसारा मांडण्यापेक्षा ‘ऑल्दो’ वापरणे केव्हाही बरे.

‘इंग’चे रूप वापरताना एक पथ्य पाळावे लागते. त्या रूपाचा आणि मुख्य वाक्याचा कर्ता एकच असावा, नाहीतर ‘डिस्पाइट बीइंग लेट, द टीचर डिड नॉट पनिश हिम’ या वाक्यात उशिरा आलेला विद्यार्थी सुटतो आणि उशिराचा ठपका शिक्षकांवर येतो.

मराठी लिहिणाऱ्यांची खरी अडचण ‘ऑल्दो’पाशी होते, असे आम्हाला वाटते. मराठीत ‘जरी’ आले की ‘तरी’ येतेच, आणि त्या सवयीने ‘ऑल्दो ही वॉज इल, बट ही केम’ असे वाक्य सहज लिहिले जाते. इंग्रजीत विरोध दाखवण्याचे काम ‘ऑल्दो’ एकट्यानेच पूर्ण करते, त्यामुळे तेथे ‘बट’ला जागा नाही. वाक्यात ‘बट’च हवे असेल, तर ‘ऑल्दो’ काढून टाकावे.

अर्थाच्या बाबतीतही दोन्ही शब्द सर्वस्वी सारखे नाहीत. ‘ऑल्दो’ मुख्य वाक्यानंतर आले की ते कधीकधी आधीच्या विधानाला थोडी मुरड घालते : ‘ही इज अ गुड सिंगर, ऑल्दो आय हॅव नॉट हर्ड हिम रीसेंटली.’ येथे ‘असूनही’ बसत नाही; ‘अर्थात, अलीकडे मी त्याचे गाणे ऐकलेले नाही’ असा भाव आहे. ही छटा ‘डिस्पाइट’ला साधत नाही.

‘डिस्पाइट ऑफ’ अशुद्ध आहे. ‘इन स्पाइट ऑफ’ या समानार्थी शब्दसमूहातील ‘ऑफ’ नकळत इकडे ओढले जाते. गंमत अशी, की ‘स्पाइट’ हे मुळात ‘डिस्पाइट’चेच आखूड झालेले रूप आहे आणि काही शतकांपूर्वीच्या इंग्रजीत ‘इन डिस्पाइट ऑफ’ अशी रचनाही होती. आज मात्र ‘डिस्पाइट’ एकटेच लिहावे, किंवा ‘इन स्पाइट ऑफ’ पूर्ण लिहावे.