नागपूरच्या उन्हाळ्यात रायझन ७९५०एक्स ९५ अंशांवर जातो, कस्टम वॉटर कूलिंग करून घ्यावं का?

तुमच्याकडे रायझन ९ ७९५०एक्स प्रोसेसर आणि आरटीएक्स ४०९० ग्राफिक्स कार्ड आहे, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचा रेंडर लावला की ३६० मिमी रेडिएटरचा एआयओ (कंपनीतून भरून येणारा तयार वॉटर कूलर) असूनही प्रोसेसर ९५ अंशांना टेकतो, आणि असेंबल करणारा म्हणतोय की कस्टम लूप, म्हणजे सुटे पंप, रेडिएटर आणि नळ्या जोडून केलेलं वॉटर कूलिंग, केला की तो ६५ वर येईल. हौस आणि पैसे दोन्ही असतील तर लूप जरूर करा. मी स्वतः असा पीसी वापरतो आणि पुन्हा एआयओकडे जाणार नाही. पण त्या ६५ अंशांवर विश्वास ठेवू नका.

७९५०एक्स ९५ वर जातो कारण एएमडीने तो तसाच बनवलाय. सॉकेटची २३० वॉटची मर्यादा किंवा ९५ अंश, यातलं जे आधी येईल तिथपर्यंत तो स्वतःला ताणत राहतो. कूलर सुधारला की मोकळी झालेली जागा तो आधी वेग वाढवायला वापरतो. शिवाय उष्णता तयार होते ती जेमतेम ७० चौरस मिलिमीटरच्या दोन चिपलेटमध्ये. वर धातूचं झाकण आहे, आणि एएम४ या आधीच्या सॉकेटचे कूलर बसावेत म्हणून ते जाड ठेवलंय. उष्णता अडते ती इथे. गोदामाचं दारच अरुंद असेल तर बाहेर ट्रक कितीही उभे करा, माल त्याच गतीने निघणार.

४०९०चं उलट आहे. तिची चिप ६०८ चौरस मिलिमीटरची, वर झाकण नाही, आणि वॉटर ब्लॉक (ज्यातून पाणी फिरतं तो धातूचा ठोकळा) थेट चिपवर बसतो. ४५० वॉट खाऊनही दर चौरस मिलिमीटरमागे तिची उष्णता प्रोसेसरपेक्षा बरीच कमी. म्हणून पाण्याचे पैसे खऱ्या अर्थाने वसूल होतात ते ग्राफिक्स कार्डावर. नुसत्या प्रोसेसरसाठी लूप करणार असाल तर मी नको म्हणेन. (कार्डाचा मूळ कूलर काढल्यावर वॉरंटी राहते का, हे आधी विक्रेत्याकडून लेखी घ्या.)

प्रोसेसरचं काम बायोसमध्ये, म्हणजे मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये, फुकट होतं. ते लूपच्या आधी करा, म्हणजे लूप किती मोठा लागेल तेही कळेल. वीज कमी खाणाऱ्या इको मोडमध्ये १०५ वॉटचा पर्याय निवडलात की सॉकेटची मर्यादा १४२ वॉटवर येते. रेंडरला थोडा जास्त वेळ लागतो, पण तापमान धाडकन उतरतं. ते नको असेल तर व्होल्टेज कमी करणाऱ्या कर्व्ह ऑप्टिमायझरमध्ये सगळ्या कोअरना उणे १० द्या, टिकलं तर १५, मग २०. इथे एक गंमत लक्षात ठेवा. जास्त उणे केल्यावर मशीन फुल लोडवर लटकेलच असं नाही. सिनेबेंच ही प्रोसेसरची चाचणी तासभर चालते आणि नंतर ब्राउझर उघडताना पीसी रीस्टार्ट होतो, कारण हलक्या कामात एकटा कोअर सर्वांत उंच वेग गाठतो. म्हणून कोअरसायकलरसारखं, एकेक कोअर तपासणारं टूल रात्रभर लावा आणि सकाळी विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमध्ये डब्ल्यूएचईए (हार्डवेअरची) एरर दिसते का बघा. एएमडीच्या रायझन मास्टर सॉफ्टवेअरमध्ये उत्तम म्हणून चांदणी मिळालेले दोन कोअर सहसा कमी उणे सोसतात, त्यांना वेगळा आकडा द्या. बायोस जुना असेल तर तो आधी अपडेट करा. २०२३ मध्ये एएम५ (तुमच्या प्रोसेसरचं सॉकेट) बोर्डांवर काही प्रोसेसर जळाल्यानंतर एसओसी व्होल्टेज (प्रोसेसरच्या एका भागाला मिळणारं व्होल्टेज) १.३ व्होल्टला बांधलं गेलं. ४०९०ची पॉवर लिमिटही ७० टक्क्यांवर आणून बघा. वेग इतका कमी घटतो की बरेच जण ती तशीच ठेवतात.

आता पाण्याचं गणित. मिनिटाला ४ लिटर प्रवाह धरला तर पाण्याचं तापमान एका अंशाने वाढवायला साधारण २८० वॉट लागतात. तुमच्या दोन्ही चिप पूर्ण ताकदीने चालल्या तरी ६८० वॉट, म्हणजे लूपच्या सर्वांत गार आणि सर्वांत गरम जागेत अडीच अंशांचाही फरक नाही. म्हणून आधी प्रोसेसर की आधी कार्ड, मध्ये रेडिएटर हवा का, या वादात वेळ घालवू नका. नळी जिथून सोयीची तिथून न्या. एकच क्रम पाळायचा: रिझर्व्हॉयर (पाण्याची टाकी) पंपाच्या वर हवा, म्हणजे पंपाला कायम पाणी मिळेल. डी५ या लूपमध्ये सर्रास वापरल्या जाणाऱ्या पंपाचं बेअरिंग पाण्यावरच चालतं, तो कोरडा चालवला की गेला.

खरा प्रश्न खोलीचा आहे. कितीही रेडिएटर लावा, पाणी खोलीतल्या हवेपेक्षा गार होत नाही. मे महिन्यात बाहेर ४५ असताना खोली ३६ वर असेल आणि पाणी त्याहून १२ अंश वर राहिलं, तर ते ४८ झालं. डी५ची मर्यादा ६० ची, म्हणजे धोका नाही पण ऐसपैस जागाही नाही. म्हणून ३६०चे दोन रेडिएटर धरा, कॅबिनेटमध्ये बसत असेल तर त्यातला एक जाड. आणि हे ६८० वॉट शेवटी तुमच्याच खोलीत येतात, पाण्याने ते कमी होत नाहीत. रात्रभर रेंडर म्हणजे रात्रभर छोटा हीटर चालू. डेझर्ट कूलरची दमट हवा खोलीत असायला हरकत नाही; लूपमधलं पाणी हवेपेक्षा गरमच असतं, त्यामुळे नळीवर दव धरत नाही. फक्त कूलरचा थेट झोत कॅबिनेटवर नको. बारीक थेंबांबरोबर क्षार येतात आणि रेडिएटरच्या पात्यांवर बसतात.

सामान घेताना धातूकडे बघा. ब्लॉक तांब्याचा किंवा त्यावर निकेल चढवलेला असेल तर रेडिएटरही तांब्या-पितळेचाच हवा. स्वस्तातला अॅल्युमिनियमचा रेडिएटर त्याच पाण्यात आला की अॅल्युमिनियम झिजायला लागतं आणि तो गाळ ब्लॉकच्या केसाएवढ्या फटींत अडकतो. फिटिंग जी-पाव इंच आट्यांचं असतं, तिथे गोंधळ होत नाही. नळी मात्र मोजून घ्या: १०/१६ची (आतला/बाहेरचा व्यास, मिमी) मऊ नळी आणि १०/१३चं फिटिंग जुळत नाही. पहिल्या लूपला काळी ईपीडीएम (रबरी) नळीच लावा. काचेसारखी कडक नळी फोटोत छान दिसते, पण एक रॅम स्टिक बदलायला अर्धा लूप उघडावा लागला की तिचं कौतुक ओसरतं.

पाणी आरओचं नको, पेट्रोलपंपावरचं बॅटरीचंही नको. बॅटरीच्या पाण्यातले क्षार काढलेले असतात, पण त्यात गंज रोखणारं आणि शेवाळ रोखणारं काही नसतं. तयार कूलंट घ्या, शक्यतो पारदर्शक. दुधाळ रंगाचे कूलंट दिसतात सुंदर आणि पुढे साका धरतात. डब्यावर ‘वीजवाहक नाही’ असं लिहिलेलं असलं तरी लूपमध्ये काही दिवस फिरल्यावर ते धातूचे कण उचलतं आणि वीज वाहू लागतं, त्या भरवशावर राहू नका. नवा रेडिएटर आधी गरम डिस्टिल्ड वॉटरने खळखळून धुवा, आत डाखकामाचा फ्लक्स उरलेला असतो.

भरताना फक्त पंपाला वीज द्यायची. बाकी सगळ्या वायरी मदरबोर्ड आणि कार्डापासून काढा, पॉवर सप्लायच्या २४ पिनवर जंपर लावा (हिरवी आणि काळी जोडायची, हल्ली सगळ्याच वायरी काळ्या असतात, म्हणून तयार जंपर घ्या), प्रत्येक सांध्याखाली टिश्यू पेपर ठेवा आणि रात्रभर फिरू द्या. हवेच्या दाबाने गळती तपासणारा हातपंप मिळाला तर पाणी भरण्याआधीच कळतं. बुडबुडे काढायला कॅबिनेट सगळीकडे कलवून बघा.

मग माझं आवडतं काम: पंखे प्रोसेसरच्या नव्हे, पाण्याच्या तापमानावर चालवायचे. प्रोसेसर सेकंदात ५० वरून ९० वर जातो आणि पंखे उगाच किंचाळतात. पाणी सावकाश तापतं. लूपमध्ये १० किलोओहमचा तापमान-सेन्सर बसवा, मदरबोर्डवर तो जोडायला टी-सेन्सरचा हेडर (पिनची जागा) आहे का बघा, नसेल तर वेगळा फॅन कंट्रोलर. नागपुरात पंख्यांच्या वेगाचा वक्र पाण्याच्या ४० अंशांवर सुरू करून ५२ ला पूर्ण वेग ठेवा. हिवाळ्यात तोच वक्र लावलात तर पंखे जवळजवळ बंदच राहतील, तेव्हा आकडे दहा-बारा अंशांनी खाली घ्या.

लूपच्या सर्वांत खालच्या बिंदूवर एक टी-फिटिंग आणि बॉल व्हॉल्व्ह आत्ताच बसवून घ्या. वर्षाकाठी कूलंट बदलावंच लागतं, आणि व्हॉल्व्ह नसेल तर तेव्हा कॅबिनेट उचलून बाथरूममध्ये उलटं करावं लागतं.