वाचकांचे प्रश्न: टेक्स्टमधली चौकट सरळ कशी काढायची?

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की वजा, उभी रेघ आणि अधिक एवढ्या तीन चिन्हांवर साध्या टेक्स्ट फाइलमधे छान आकृती काढता येते, आणि हे काम हाताने स्पेस मोजत करण्यापेक्षा एडिटरसाठी छोटं प्लगिन (एडिटरला जोडायचा छोटा प्रोग्रॅम) लिहून टाकावं. त्यावर नाशिकहूनच तीन पत्रं आली, तिन्ही इतकी मनापासून लिहिलेली आहेत की या वेळचं सगळं पान त्यांनाच देतोय.

प्रश्न : सर, मी गंगापूर रोडला राहतो, इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. निओव्हिम या टेक्स्ट एडिटरसाठी लुआ भाषेत प्लगिन लिहायला घेतलंय, बाणाची बटणं दाबत गेलं की मागे रेघ उमटत जाईल असं. सरळ रेघ येते. पण ओळ छोटी असली की कर्सर उजवीकडे जातच नाही, आणि वळणावर कोपरा चुकतो, कधी अधिक येतं कधी नुसतीच वजाची रेघ राहते. इफ-एल्सच्या वीसएक पायऱ्या झाल्यात तरी कुठेतरी सुटतंच. माझी सुरुवातच चुकली का?

उत्तर : अजिबात नाही, फक्त कोपऱ्यांच्या आधी कागदाचं बघायला हवं होतं. एडिटरच्या दृष्टीने फाइल म्हणजे ओळींची यादी आणि ओळ म्हणजे अक्षरांची माळ, माळ संपली की पुढे काहीच नाही, रिकामी जागासुद्धा नाही. आपल्याला मात्र शाळेतली गणिताची चौकटीची वही हवी असते, जिथे कुठल्याही घरात पेन टेकवता येतं. तेव्हा प्लगिनचं पहिलं काम म्हणजे त्या माळेची वही करणं, रेघ त्यानंतर.

व्हिम आणि निओव्हिममधे यासाठी व्हर्च्युअलएडिट नावाचा ऑप्शन आहेच, त्याची किंमत 'ऑल' केली की कर्सर ओळ संपल्यावरही पुढे फिरतो. ड्रॉइंग मोड चालू करताना आधीची किंमत जपून ठेवा आणि मोड बंद करताना तीच परत लावा, नाहीतर वापरणाऱ्याला कळत नाही की आपला एडिटर अचानक असा का वागतोय. पण ऑप्शनमुळे फक्त कर्सर हलतो, फाइलमधे तिथे अजून काही नसतं, त्यामुळे लिहायच्या आधी त्या घरापर्यंत स्पेस भरणं तुमच्याच कोडने करायचं, आणि ओळीत टॅब असतील तर ते आधी स्पेसमधे बदलून घ्यायचे कारण एक टॅब म्हणजे किती घरं हे प्रत्येकाच्या सेटिंगवर ठरतं.

इथे एक खड्डा आहे ज्यात बहुतेक सगळे पडतात. निओव्हिमला कर्सर कुठे आहे विचारलं की ओळीचा नंबर १ पासून मोजून येतो आणि कॉलम ० पासून, आणि तो कॉलमसुद्धा बाइटमधे (बाइट म्हणजे कॉम्प्युटरच्या साठवणीचं एकक). उलट बफरमधे (एडिटरमधे उघडलेल्या फाइलच्या प्रतीत) ओळी लिहायच्या फंक्शनला ओळीचा नंबर ० पासून लागतो. म्हणून पूर्ण प्लगिनमधे ही बेरीज-वजाबाकी एकाच ठिकाणी ठेवा, आणि स्क्रीनवर आपण कितव्या घरात आहोत हे हवं असेल तेव्हा व्हर्टकॉल हे फंक्शन वापरा, व्हर्च्युअलएडिट चालू असताना ते ओळीच्या पलीकडचं घरसुद्धा बरोबर सांगतं.

आता कोपरे. वीस पायऱ्यांचं इफ-एल्स पुसून टाका. प्रत्येक घराला चार हात आहेत असं धरा, वरचा हात म्हणजे १, उजवा २, खालचा ४, डावा ८. रेघ एखाद्या घरातून गेली की त्या त्या हाताचा आकडा आधीच्यात बिटवाइज ऑरने (तोच हात दोनदा आला तरी एकदाच धरणारी बेरीज) मिळवायचा. उजवा आणि डावा मिळून १०, म्हणजे आडवी रेघ. वरचा-खालचा मिळून ५, उभी रेघ. खालचा आणि उजवा मिळून ६, म्हणजे डावीकडचा वरचा कोपरा, आणि १५ आला की चारही बाजूंनी जोड. सोळा किमतींचा एक तक्ता केला की संपलं, कोपऱ्यासाठी वेगळा विचार करावाच लागत नाही. तक्ता बदलला की तेच प्लगिन युनिकोडच्या (जगभरच्या लिपींच्या एकत्रित चिन्हसंचाच्या) सलग रेघाही काढतं (┌ ─ ┐ │ └ ┘ ├ ┤ ┬ ┴ ┼), कारण त्या अकरा चिन्हांत प्रत्येकाचे हात वेगळे दिसतात.

साध्या अधिकच्या चिन्हात मात्र ही माहिती हरवते. फाइल बंद करून उघडली की समोरच्या अधिकला किती हात होते हे फाइल सांगत नाही, आजूबाजूच्या चार घरांत डोकावून ठरवावं लागतं: डावीकडे वजा, अधिक किंवा बाण असेल तर डावा हात आहे, वर उभी रेघ किंवा अधिक असेल तर वरचा हात आहे, असं. आणि हेही नेहमी पुरत नाही, दोन चौकटी एकमेकींना चिकटल्या की बघा काय होतं:

```
+---++---+
|   ||   |
+---++---+
```

मधले दोन अधिक शेजारी आलेत, ते जोडलेत की वेगळे आहेत? डोळ्याला कळतं, कोडला कळत नाही. मी यावर एकच नियम ठेवलाय, प्लगिनने काढलेल्या दोन चौकटींमधे निदान एक घर मोकळं ठेवायचं, आणि तो नियम हेल्पमधे स्पष्ट लिहायचा. खूप हुशार कोड लिहून अंदाज बांधत बसण्यापेक्षा हे मला जास्त प्रामाणिक वाटतं.

अजून एक, चौकट काढताना एकेक घर बफरमधे लिहू नका, त्या पट्ट्यातल्या सगळ्या ओळी आधी मेमरीत तयार करा आणि एकदाच लिहा. मग यू (केलेलं मागे घ्यायचं बटण) दाबलं की अख्खी चौकट जाते. चुकलेलं एका बटणात पुसता आलं की माणूस बिनधास्त काढायला लागतो, आणि ड्रॉइंगच्या टूलमधे याच्यापेक्षा मोठी गोष्ट मला तरी माहीत नाही.

प्रश्न : दादा नमस्कार, मी मखमलाबादचा, नोकरी सॉफ्टवेअरमधे आणि घरी द्राक्षबाग आहे. ठिबकची सगळी मांडणी मी टेक्स्ट फाइलमधे ठेवतो, विहीर, पंप, टाकी, फिल्टर, व्हॉल्व्ह, कुठली सबमेन (पाण्याची उपवाहिनी) कुठल्या प्लॉटला जाते ते. वडील पण वाचतात म्हणून नावं मराठीतच हवीत. तुमचं वाचून छोटं प्लगिन लिहिलं, चौकटीत नाव टाकलं की चौकट आपोआप तेवढी रुंद होते. पण उजवी कड वाकडीच येते. गंमत म्हणजे 'पंप' लिहिलं की बरोबर येते आणि 'टाकी' लिहिलं की सरकते, दोन्ही शब्द तर दोनच अक्षरी आहेत! कुठे चुकतोय?

उत्तर : दादा, तुमचं पत्र वाचून मला फार बरं वाटलं, कारण हा प्रश्न मराठीत लिहिणाऱ्यालाच पडतो आणि इंग्रजी पुस्तकांत याचं उत्तर सहसा सापडत नाही. तुमच्या कोडमधे चूक असेलच असं नाही, 'रुंदी' या शब्दाचेच इथे चार अर्थ आहेत.

आस्की (इंग्रजी अक्षरं-चिन्हांचा जुना कोड) हे सात बिटांचं, त्यात १२८ जागा, १९६३ साली पहिल्यांदा प्रसिद्ध झालं. त्यात एक अक्षर म्हणजे एक बाइट म्हणजे स्क्रीनवरचं एक घर, तिन्ही मापं एकच. आस्की आकृतीचा सगळा डोलारा या योगायोगावर उभा आहे. देवनागरी आली की ही मापं वेगळी होतात. 'टाकी' घ्या. आपण वाचताना अक्षरं दोन, टा आणि की. युनिकोडमधे कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाला दिलेला नंबर) चार, ट, काना, क, दीर्घ वेलांटी. यूटीएफ-८ मधे (युनिकोड बाइटमधे साठवायची पद्धत) देवनागरीचा प्रत्येक कोडपॉइंट तीन बाइटचा, म्हणजे बारा बाइट. एकच शब्द आणि मोजमापं दोन, चार आणि बारा. 'पंप'चं तसंच, दोन अक्षरं, तीन कोडपॉइंट, नऊ बाइट.

मग पंप सरळ आणि टाकी वाकडी का? कारण चौथं माप टर्मिनलचं (कमांड टाइप करायच्या खिडकीचं) असतं. युनिकोडने मात्रांचे दोन गट केलेत, जागा घेणाऱ्या आणि जागा न घेणाऱ्या. काना, दोन्ही वेलांट्या, काना-मात्रा या जागा घेणाऱ्या, आणि उकार, नुसती मात्रा, अनुस्वार, हलंत हे जागा न घेणारे. बरीचशी टर्मिनल याच गटांवरून घरं मोजतात, म्हणून त्यांच्या हिशोबाने 'पंप' दोन घरांचा आणि 'टाकी' चार घरांची. व्हिमच्या बऱ्याच आवृत्त्या मात्र काना-वेलांटीलाही मागच्या अक्षराला चिकटलेलं धरतात आणि 'टाकी'ला दोनच घरं देतात. एडिटर म्हणतो दोन, टर्मिनल म्हणतं चार, आणि तुमची उजवी कड बरोबर दोन घरं सरकते. 'केळी' लिहून बघा, एकच घर सरकेल.

हे टर्मिनललाच विचारताही येतं. शेलमधून शब्द छापायचा आणि कर्सर कुठे आहे विचारणारा एस्केप कोड पाठवायचा, टर्मिनल ओळ आणि कॉलम परत पाठवतं, त्यातून शब्दाची त्या मशीनवरची खरी रुंदी निघते. पंधरा-वीस शब्दांवर हे करून बघाच, मग अंदाजाने स्पेस भरायची सवय सुटते. टर्मिनल नसलेल्या एडिटरमधे वेगळाच त्रास, तिथे कोडिंगच्या फॉन्टमधे बहुतेक वेळा देवनागरी नसतेच, मग एडिटर दुसऱ्या फॉन्टमधून अक्षरं आणतो आणि त्या फॉन्टमधे 'र' बारीक आणि 'क्ष' ऐसपैस असतो, घराचा प्रश्नच उरत नाही.

बाइट आणि घर यांत गल्लत केली की नुसतं वाकडं होऊन भागत नाही. मी सातपूरला एका कंपनीत होतो तेव्हा माझ्या प्लगिनने बाइटच्या हिशोबाने रेघ मारली आणि मराठी कॉमेंटच्या बरोबर एका अक्षराच्या मधोमध कापली. तीन बाइटपैकी एक मागे राहिला, दोन गेले, फाइल अर्धी मोडलेली, आणि ते मला सेव्ह केल्यावर दुसऱ्या दिवशी कळलं. सहकाऱ्याने मेहनतीने लिहिलेल्या नोंदी होत्या त्या. त्या दिवसापासून मी घर ते बाइट हे रूपांतर एकाच फंक्शनमधे ठेवतो आणि ते फंक्शन अक्षराच्या मधे कधीही थांबत नाही, अक्षराच्या सुरुवातीलाच येऊन थांबतं. तुम्ही पण हे आधी करा, चौकट सुंदर नंतर होईल.

आता तुमच्या बागेसाठी काय करायचं. चौकटीत मराठी ठेवायचीच नाही असं मी कधीच म्हणणार नाही, पण वडिलांच्या फोनवर, तुमच्या लॅपटॉपवर आणि ऑफिसच्या मशीनवर तीच फाइल सरळ दिसायची असेल तर चौकटीत इंग्रजी आकडे ठेवा आणि नावं खाली यादीत लिहा:

```
+---+    +---+    +---+    +---+
| 1 |--->| 2 |--->| 3 |--->| 4 |
+---+    +---+    +---+    +---+
                             |
                   +---------+
                   |         |
                   v         v
                 +---+     +---+
                 | 5 |     | 6 |
                 +---+     +---+

1  विहीर
2  पंप
3  टाकी
4  सँड फिल्टर
5  व्हॉल्व्ह, वरचा प्लॉट
6  व्हॉल्व्ह, ओढ्याकडचा प्लॉट
```

नाव ओळीच्या शेवटी आलं की त्याच्या उजवीकडे जुळवायचं काहीच राहत नाही, फॉन्ट कसाही असो. तुमच्या प्लगिनमधे एक कमांड घाला, चौकटीवर कर्सर ठेवून नाव टाइप केलं की पुढचा आकडा चौकटीत आणि नाव खालच्या यादीत आपोआप जाईल, आणि दुसरी कमांड आकड्यावरून यादीतल्या ओळीवर उडी मारायला. आणि नाव चौकटीतच हवं असा वडिलांचा आग्रह असेल तर उजवी कड काढूच नका, डावीकडे उभी रेघ आणि वर-खाली आडवी रेघ एवढंच ठेवा, डोळा ती चौकट म्हणूनच वाचतो.

प्रश्न : मी इंदिरानगरला राहते, वेब डेव्हलपर आहे, दिवसभर व्हीएस कोड हा एडिटर वापरते. असं प्लगिन त्याच्यात होईल का? आणि व्हिमला, ईमॅक्सला अशी प्लगिन आधीच आहेत म्हणे, मग नव्याने लिहायचा अट्टाहास कशाला, चित्र काढायचं सॉफ्टवेअर आहेच की?

उत्तर : ताई, होईल. व्हीएस कोडमधे ओळीच्या पलीकडे कर्सर नेता येत नाही, त्यामुळे स्पेस भरायचं काम तिथे जास्त लागतं, ड्रॉइंग मोड सुरू करताना एक मोकळा पट्टा स्पेसने भरून घ्या आणि संपल्यावर ओळींच्या शेवटच्या स्पेस काढून टाका. तिथे कॉलम यूटीएफ-१६ च्या (युनिकोड साठवायची दुसरी पद्धत) हिशोबाने येतो, म्हणजे 'टाकी'ची लांबी चार. अक्षरं मोजायला जावास्क्रिप्टमधे सेगमेंटर मिळतो. सगळे बदल एकाच एडिट कॉलमधे द्या म्हणजे अंडू एकदाच होतं.

आधीची आहेतच, व्हिमसाठी ड्रॉइट, निओव्हिमसाठी व्हेन, ईमॅक्समधे तर आर्टिस्ट-मोड सोबतच येतो. वापरा, आणि त्यांचा कोड नक्की वाचा.

चित्राच्या सॉफ्टवेअरचं म्हणाल तर चित्र फाइलपासून लांब राहतं. कोड बदलतो आणि चित्र जुनंच राहतं, कारण ते उघडायला वेगळं काहीतरी लागतं. कॉमेंटमधली आकृती कोड बदलणाऱ्याच्या डोळ्यासमोर असते, सर्व्हरवर एसएसएचने (दुरून कमांड चालवायच्या सोयीने) शिरलात तरी दिसते, गिटमधे (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमधे) काय बदललं ते ओळीनुसार कळतं. टीसीपी या इंटरनेटच्या नियमावलीचा दस्तऐवज, आरएफसी ७९३, हा सप्टेंबर १९८१ चा आहे, त्यातली हेडरची आकृती वजा, उभी रेघ आणि अधिकनेच काढलीय, आज तुमच्या लॅपटॉपवर साध्या एडिटरमधे उघडा, जशीच्या तशी दिसते. तोटा एक आहे, चौकट एका घराने रुंद केली तरी तिच्या सगळ्या ओळी बदललेल्या दिसतात, म्हणून आकृती सुधारली की तिचा कमिट (गिटमधली नोंद) वेगळा करा.

तुम्ही लिहायला घेतलंत तर पहिल्या आवृत्तीत फक्त चौकट, रेघ आणि पुसणं एवढंच ठेवा. चौकट सरकवली की बाण मागे आले पाहिजेत हे सगळ्यांना हवं असतं, मलाही, पण त्यासाठी कुठला बाण कुठल्या चौकटीचा हे टेक्स्टमधून ओळखावं लागतं आणि तिथे वर सांगितलेला शेजारशेजारच्या दोन अधिकचा घोळ परत समोर येतो. ते दुसऱ्या आवृत्तीला ठेवा, तोपर्यंत रेघ पुसून परत काढायला चार बटणं लागतात.