तीन मुख्य खेळाडू जखमी असताना एनबीए या अमेरिकी बास्केटबॉल लीगमधला संघ प्लेऑफ, म्हणजे बाद फेरी, गाठू शकतो का?

गाठू शकतो भाऊ, पण कोण जखमी आहे आणि कधी परततोय, यावर सगळं आहे.

आधी गणित. ८२ सामने. प्रत्येक कॉन्फरन्समधले (पूर्व आणि पश्चिम असे दोन गट) पहिले सहा थेट आत, सातवा ते दहावा प्ले-इन (जादाचे पात्रता सामने) खेळून. म्हणजे दहावा नंबर टिकवला तरी दार उघडं राहतं. २०२३ चा मायामी हीट संघ आठवून बघा. प्ले-इनचा पहिला सामना हरले, दुसरा जिंकून आठवे म्हणून आत आले. प्लेऑफमध्ये मिलवॉकीविरुद्ध पहिल्याच सामन्यात त्यांच्या टायलर हीरोचा हात मोडला, तरी फायनलपर्यंत गेले. (तिथे डेन्व्हरने ४-१ ने हरवलं, तो भाग सोडा.)

उलटं उदाहरण २०१९-२० चा गोल्डन स्टेट संघ. त्यांचा क्ले थॉम्पसन पूर्ण मोसम बाहेर, मुख्य खेळाडू स्टीफन करीचा हात सुरुवातीलाच मोडला. १५ विजय, ५० पराभव.

फरक कुठे? हीटकडे त्यांचा मुख्य खेळाडू जिमी बटलर उभा होता. चेंडू हातात घेऊन खेळ चालवणारा माणूसच गेला तर बाकीच्यांना मोकळे शॉट मिळतच नाहीत. मात्र उरलेल्या एकालाच रोज चाळीस मिनिटं पळवलं तर तोही बसतो. आमच्या रावेरकडे घडाने वाकलेल्या केळीला टेकू देतात ना, तसे बेंचवरचे दोन भरवशाचे गडी लागतात.

मी तर हिवाळ्यात पहाटे साडेपाचला, गोधडीतूनच मोबाइलवर आधी जखमींची यादी बघतो. स्कोअर नंतर.